जोडीची बंदूक

गोळीबाराला महिना होत आला, तरी मालिनीबाईंच्या घरात त्याला गोळीबार कुणी म्हणत नव्हतं. 'ते झालं' म्हणायचे. 'ते झाल्यापासून आबांना जेवण जात नाही.' 'ते झालं त्याच्या आदल्याच दिवशी मी फोन केला होता.' माणसाची जीभ मोठी शहाणी असते. जिथे चटका बसणार, तिथे ती आपोआप वळसा घालते.

पण वळसा घालून गेलेली माणसं परत येत नाहीत. दिंडोरीच्या अलीकडे, मालिनीबाईंच्या घरच्या, वडज्यांच्या शेताला लागून जो शिवरस्ता जातो, त्यावर धनराजने चार माणसं मारली होती. शेजारच्या झुंबरआप्पाची दोन कर्ती मुलं, त्यांच्याकडे छाटणीला आलेला पेठकडचा मजूर, आणि पिकअप घेऊन रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभा असलेला रहेमानचा झीशान. त्या बिचाऱ्याचा तर या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. भांडण कसलं, तर फवारणीचा ट्रॅक्टर जायला रस्ता हवा म्हणून झुंबरच्या मुलांनी धनराजने टाकलेले दगड बाजूला केले. तेवढंच.

आणि धनराज परका नव्हे. मालिनीबाईंच्या धाकट्या दिराचा एकुलता एक मुलगा. दीर गेल्यावर तो त्यांच्या घरातच निम्माअधिक वाढला. त्याला त्यांनी भरवलं होतं, दटावलं होतं, परीक्षेला जाताना हातावर दही घातलं होतं. आता तो तुरुंगात होता, आणि त्याची आई वत्सलाबाई नाशिकला द्वारकेजवळच्या या घरात मालिनीबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. गावात तिला राहवत नव्हतं. वस्तीवरून बाहेर पडलं की झुंबरच्या सुनांचं अंगण दिसायचं.

दुसऱ्या दिवशी गावात ग्रामसभा होती. घटनेनंतर पोलिसांनी गावातल्या सगळ्या परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेतल्या होत्या. त्या परत द्यायच्या की परवाने रद्द करायचे, नवे द्यायचे की नाही, यावर गावाने ठराव करून कळवावं, असं वरून सांगणं आलं होतं. ठराव म्हणजे काही कायदा नव्हे, पण चौकशीला येणारा फौजदार शेवटी गावालाच विचारतो. म्हणून दुपारी सगळे जमले होते. आबा, म्हणजे मालिनीबाईंचे यजमान गोविंदराव, खिडकीजवळच्या खुर्चीत. वकिली करणारी मुलगी तेजश्री कोर्टातून परस्पर आलेली. आणि शेती बघणारा मुलगा आल्हाद, औषधाच्या वासाच्या कपड्यांनिशी, थेट बागेतून.

"आबा, तुमचं वय झालंय," आल्हाद पाणी पितानाच म्हणाला. "तुम्ही नुसती संमती द्या. परवाना माझ्या नावावर होतो. मी चौकशी केलीय."

"महिना नाही झाला अजून," तेजश्री म्हणाली. "लाज कशी वाटत नाही रे?"

"कसली लाज? बंदूक धनराजने चालवली. मी चालवली का?"

"चार माणसं गेलीत, आल्हाद. परवान्याच्या बंदुकीने. कट्टा नव्हता तो कुठून आणलेला. साहेबाच्या सहीची बंदूक होती, पिकाच्या रक्षणासाठी म्हणून दिलेली. काय रक्षण झालं पिकाचं?"

"ताई, तू राहतेस द्वारकेला. इथं कुत्रं भुंकलं तरी चार खिडक्या उघडतात. वस्तीवर ये राहायला एकदा. परवा आमच्या बांधावर बिबट्याची पावलं होती. मृण्मयी त्याच बांधावरून शाळेला जाते. बाप म्हणून मी काय करू, सांग."

"वनखात्याला कळव. पिंजरा लावतील. बिबट्याला गोळी घातलीस तर तूच आत जाशील, कायदा आहे तसा."

"मग तो कायदा तू बिबट्याला वाचून दाखव. तोवर मी पोरीला घरी ठेवतो."

मालिनीबाईंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. लहानपणापासून ही दोघं अशीच. फरक एवढाच की तेव्हा भांडण पतंगाच्या चक्रीवरून असायचं. नातीचा विषय निघाला की मात्र त्यांचं हसू मावळायचं. आल्हाद खोटं बोलत नव्हता. बिबटे आले होते. उसातून बागेत, बागेतून अंगणात. शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली होती. भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीशी वाद घालणं कठीण असतं.

"फटाके वाजव. दोन माणसं सोबत पाठव शाळेपर्यंत," तेजश्री म्हणाली. "बंदूकच कशाला?"

आल्हादने ग्लास टेबलावर आपटला. तो आडवा झाला, पाणी आबांच्या पायापर्यंत गेलं. "कारण गोरक्ष गप्प बसणार नाही! दोन भाऊ गेलेत त्याचे. त्यानंही अर्ज केलाय परवान्याला, ठाऊक आहे का तुला? गावातले निम्मे लोक अर्ज घेऊन फिरताहेत. त्याच्या हातात बंदूक आणि माझ्या हातात काय, विळा?"

"म्हणजे बिबट्यासाठी नव्हेच ती," तेजश्री हळूच म्हणाली.

 आल्हादने खाली वाकून खिशातल्या रुमालाने फरशी पुसली, आबांचे पाय पुसले, ग्लास सरळ करून ठेवला. मालिनीबाई बघत राहिल्या. लगेच चढतो, लगेच उतरतो, आणि उतरला की आपणच सांडलेलं आपण पुसतो. गुणी आहे पोर, असं त्या नेहमी म्हणायच्या. आज त्यांच्या मनात आलं, पाणी पुसता येतं म्हणून बरं.

 आबा खाकरले.

"तात्यांनी दोन बंदुका घेतल्या, दोन पोरांना दोन. माझी आणि धाकट्याची, पुढे धनराजच्या नावावर झाली ती. सारख्या, दुनळी, जोडीच्या. तात्यांनी जन्मात माणसावर रोखली नाही. मीही नाही. बंदुकीला काय कळतं? दोष हत्याराचा नसतो. हाताचा असतो."

हे वाक्य आबा महिनाभर म्हणत होते. पेपरवाल्यांना म्हणाले होते, फौजदाराला म्हणाले होते, भेटायला आलेल्या प्रत्येकाला म्हणाले होते. ऐकणारा मान हलवायचा. एवढ्या मोठ्या माणसापुढे दुसरं काय करणार.

स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या.

"हात कुणाचा व्हता, ते तर ठाऊक व्हतं ना, आबा?"

आबांनी दचकून वर पाहिलं. तेजश्री उभी राहिली. वत्सलाबाई दारात उभी होती, पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती थोरल्या दिराशी एक शब्द बोलली नव्हती. वडज्यांच्यात तशी रीतच. धाकटीने थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं असेल तर जावेच्या तोंडून. आबा समोर बसलेले असले तरी ती मालिनीबाईंना सांगायची आणि मालिनीबाई आबांना. पाहुण्यांना गंमत वाटायची. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"नवमीच्या आदल्या दिशी म्या सांगितलं व्हतं," वत्सलाबाई म्हणाली. "म्हणलं, आबांना सांगा, ती बंदूक चौकीतच कुजू द्या. पोराच्या डोक्यात राख गेली का त्याला आई दिसत नाय, चुलता दिसत नाय. दारूच्या पायी मला दोनदा घराभायेर काढलं त्यानं. म्हणलं, त्याच्या हाती ती देऊ नगा, एक दिवस तो मला तरी मारंल नायतर दुसऱ्याला. तरी तुमी सोता गाडीत घालून नेलं त्याला, न् आणली."



हे सगळं खरं होतं. विधानसभेच्या निवडणुकीत गावातल्या बंदुका नेहमीप्रमाणे चौकीत जमा झाल्या. मतदान झाल्यावर आबांनी आपली आणली. धनराजने आळस केला, त्याची तिथेच राहिली, आणि वत्सलाबाईला हायसं वाटलं. मग खंडेनवमी आली. वाटणीत वडज्यांचं सगळं तुटलं होतं. विहीर तुटली, बाग तुटली, पितळेचे हंडेसुद्धा तुटले. तुटली नव्हती ती एक खंडेनवमी. त्या दिवशी दोन्ही घरांची हत्यारं एकत्र, आणि मधोमध एका घोंगडीवर दोन्ही बंदुका शेजारी शेजारी. एकटी बंदूक पुजली तर भावांची घरं फुटतात, असं तात्या सांगून गेले होते. म्हणून आबा धनराजला घेऊन चौकीत गेले, कागद पुरे करून घेतले, आणि जोड पुरा झाला. मालिनीबाईंनी झेंडूचे दोन हार सकाळीच ओवून ठेवले होते.

"वत्सला," आबा म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"म्या बाईंना सांगितलं."

आबांनी बायकोकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मालिनीबाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. वत्सलाने हुंदके देत सांगितलं होतं, आणि त्या बाहेर येऊन आबांना म्हणाल्या होत्या, 'वत्सला विचारतेय, यंदा एकच बंदूक पुजली तर चालणार नाही का?' एवढंच. दारू नाही, घराबाहेर काढलेलं नाही, मारण्याचं नाही. सणाच्या तोंडावर कशाला? आबांचं ब्लडप्रेशर, पोराची अब्रू, घराची अब्रू. निरोप गाळून पोचवायची त्यांना सवयच लागली होती. इकडचा कडूपणा तिकडे जाऊ द्यायचा नाही, तिकडचा इकडे येऊ द्यायचा नाही. 'थोरलीमुळे घर टिकलं,' असं सगळा भाऊबंद म्हणायचा, आणि ते ऐकायला त्यांना गोड लागायचं.

"मी पुरतं सांगितलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं होतं. मी अर्धंच आणलं."

आबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "पुरतं सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे. मला जोड हवा होता."

मग ते आल्हादकडे वळले. "मी संमती देणार नाही. उद्या ग्रामसभेत सांगतो, माझी बंदूक सरकारजमा करा. आपल्या घरात नको आता."

"करा," आल्हाद उठला. "तुमची आहे, तुम्ही काहीही करा. मी नवीन परवाना मागीन. माझी जमीन आहे, माझी पोरगी आहे. धनराजने केलं म्हणून सगळ्या वडज्यांनी आता मान खाली घालून मरायचं का?"

"जेवून जा," मालिनीबाई म्हणाल्या.

तो जेवला नाही. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज विरेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. एरवी ग्रामसभेला सरपंच, ग्रामसेवक आणि चार रिकामटेकडे एवढेच असतात. आज पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, आणि मध्ये टेबलाशी तालुक्याहून आलेला फौजदार. झुंबरआप्पा पहिल्या रांगेत बसला होता. महिन्याभरात माणूस वाळून गेला होता. रहेमान अगदी मागे, भिंतीला टेकून उभा होता. लोक त्याला पुढे बोलवत होते, तो नको म्हणत होता. वडजे मंडळी आली तेव्हा बोलणी थांबली. वत्सलाबाईला बघून बायकांनी जागा दिली, पण जरा जास्तच दिली. मालिनीबाई मुद्दाम तिच्या अंगाला लागून बसल्या.

आबा उठले, काठी टेकत बोलले. बंदूक सरकारजमा करतो म्हणाले. चुकलं म्हणाले. गावाने आबांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. थोडी कुजबुज झाली. आता ठराव होणार, असं वाटत होतं.

तेवढ्यात गोरक्ष उभा राहिला. झुंबरआप्पाचा राहिलेला एकच मुलगा. मिसरूड फुटून फार दिवस झाले नसतील.

"आबांनी दिली, लय भारी झालं. पन आल्हाददादाचा नवा अर्ज हाय का नाय? हाय. मंग आमीच का मागं घ्यायचा? आमचे दोन भाऊ गेलेत. त्यांच्याकडं बंदूक राहनार न् आमच्याकडं कोयता? साहेब, माझा बी अर्ज धरा. दादांनी मागं घ्यावा, मंग मी घेतो."

"मी का घेऊ?" आल्हाद ताडकन उभा राहिला. "तू धमकी देतोयस का?"

"तुमच्या घरानं धमकी नाय दिली, दादा. डायरेक गोळ्याच घातल्या."

दोन्हीकडची माणसं उठली. फौजदाराने टेबलावर हात आपटला. "खाली बसा! अर्ज करणं हा गुन्हा नाही. दोघांच्याही अर्जाची रीतसर चौकशी होईल. गावातून चालचलणुकीबद्दल कुणाची हरकत असेल तर सांगा, नोंद घेतो. नसेल तर नाही म्हणून लिहितो. आल्हाद गोविंद वडजे. कुणाची हरकत?"

कोण बोलणार? वडज्यांच्या मुलाविरुद्ध उभं राहायचं म्हणजे उद्या पाण्याला, रस्त्याला, ट्रॅक्टरला त्यांच्याच दारात जायचं. झुंबरकडचे बोलले असते तर ते वैर ठरलं असतं. तेजश्रीने आईकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा जमिनीकडे बघत होते. ते आपल्यापुरतं देऊन मोकळे झाले होते. पोराबद्दल चारचौघांत काही बोलायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

मालिनीबाईंना एकदम जाणवलं की आता निरोप द्यायला मधे कुणी नाही. घरी गेल्यावर समजावीन, गोड बोलून सांगीन, सुनेच्या कानावर घालीन, हे सगळे रस्ते त्यांना पाठ होते, आणि ते कुठे जातात हेही आता ठाऊक होतं. त्या उठल्या. गुडघा दुखत होता, म्हणून वत्सलाच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या.

"माझी हरकत आहे."

फौजदाराला वाटलं बाई काहीतरी वेगळं बोलताहेत. "आपण कोण?"

"मालिनी गोविंद वडजे. त्याची आई."

"आई!" आल्हाद ओरडला.

"लिहा, साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाला बंदूक देऊ नका. त्याला राग येतो तेव्हा तो हातातलं आपटतो. काल ग्लास होता. मी आई आहे, मला ठाऊक आहे."

"मी कुणाला मारणार आहे का? मी वाईट माणूस आहे का, आई?" आल्हादच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळ्या गावासमोर त्याची आई त्याच्यावर शिक्का मारत होती. धावत जाऊन त्याला पोटाशी धरावं आणि म्हणावं, चुकले रे बाळा, असं मालिनीबाईंना वाटत होतं.

"नाहीस," त्या म्हणाल्या. "धनराजही नव्हता."

फौजदार लिहीत होता. मग पहिल्या रांगेतून झुंबरआप्पा उठला. उठायला त्याला वेळ लागला. त्याने मालिनीबाईंकडे पाहिलं नाही, वत्सलाबाईकडे तर नाहीच नाही. टेबलाकडे बघत म्हणाला,

"साहेब, माझीबी लिवा. गोरक्ष झुंबरच्या अर्जावर. बापाची हरकत. दोन गेले. हा तरी माझ्याजवळ राहू द्या."

गोरक्षने बापाकडे पाहिलं. तो मटकन खाली बसला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा लोकांच्या देखत रडला.

आल्हाद थांबला नाही. माणसं बाजूला सारत तो फाटकाकडे गेला. जाताना मालिनीबाईंच्या अगदी जवळून गेला, पण वर पाहिलं नाही. त्याने जीप सुरू केली. आबा त्याच जीपने वस्तीवर जेवायला जायचे होते, मृण्मयी वाट बघत होती. जीप त्यांना न घेताच धूळ उडवत वळणावरून दिसेनाशी झाली. मालिनीबाई तशाच उभ्या होत्या. तेजश्री काहीतरी सांगत होती, कायद्याचं, की आता चौकशीत असं होईल, तसं होईल. त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं.

"बोलायचा नाही आता तो माझ्याशी," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "नातीला भेटू देईल की नाही, कुणास ठाऊक. पुरता रुसला."

वत्सलाबाईने त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.

"रुसू द्या, बाई," ती म्हणाली. "घरी जाऊन रुसंल ना."

मालिनीबाईंनी तिचा हात सोडला नाही.